रोबोटिक थेरपी: हात पेशंट हलवतोय की मशीन?

शिवडीकर

स्ट्रोक झाला किंवा डोक्याला मार लागला की आठवडाभरात कुणीतरी सांगतंच, "अमुक हॉस्पिटलात रोबोट आलाय, तिथे न्या." तिथे नेल्यावर विचारायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. इथे फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा शिकवणारे) आणि इंजिनिअर मंडळी बरीच आहेत, म्हणून हा धागा काढतोय. अनुभवकथनासाठी वेगळा धागा आहे. इथे सेटिंग, आकडे आणि काय बिघडतं तेवढंच लिहूया.

मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. शेजारचा भाग थोडंफार काम उचलतो, पण काम दिलं तरच. रँडॉल्फ नूडो यांच्या गटाने १९९६ साली माकडांवर हे दाखवलं. इजेनंतर हाताचा सराव करून घेतला नाही, तर मेंदूतला हाताचा शाबूत भागही आक्रसत गेला. सराव करून घेतला तेव्हा तो टिकला. अशा प्रयोगांत प्राणी एका दिवसात शेकडो वेळा ती हालचाल करतात. कॅथरीन लँग यांच्या गटाने २००९ मध्ये माणसांच्या नेहमीच्या थेरपीत मोजणी केली, तर एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. रोबोटची गरज इथून सुरू होते. एमआयटी-मॅनससारखं मशीन तासाभरात हजाराच्या घरात हालचाली करवतं.

गोम अशी की हजारातल्या किती पेशंटच्या आणि किती मशीनच्या? मोटर पूर्ण मदत देत असेल तर शरीर हुशार असतं, ते जोर लावणं बंद करतं. यावर डेव्हिड राइनकेन्समायर यांच्या गटाने बरंच काम केलंय. मदत गरजेपुरतीच द्यायची ही पद्धत त्यातूनच रुळली. पेशंटने सुरूच न केलेली हालचाल सांधा मोकळा ठेवते. शिकण्याच्या हिशेबात ती फारशी धरू नका.

म्हणून सेंटरला पहिला प्रश्न हा: आजच्या सेशनचा लॉग दाखवाल का? त्यात एकूण हालचाली, मदतीची टक्केवारी आणि मशीनशिवाय गाठलेलं अंतर या तीन गोष्टी हव्यात. बहुतेक मशिनांत हे साठवलेलं असतं, कुणी प्रिंट काढत नाही इतकंच. तीन आठवड्यांत मदतीचा आकडा हलला नसेल तर का हलला नाही ते विचारा.

---

चिकित्सक_मुलुंड

धागा चांगला आहे, पण आधी थोडं थंड पाणी टाकतो.

व्हीएची (अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याची) चाचणी, २०१० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेली. १२७ पेशंट, सगळे स्ट्रोकनंतर सहा महिने उलटलेले, १२ आठवड्यांत ३६ सेशन. १२ आठवड्यांनी रोबोट गट नेहमीच्या उपचारांपेक्षा ठोस पुढे नव्हता. ३६ आठवड्यांनी थोडा पुढे दिसला, पण तेवढ्याच तीव्रतेची थेरपी थेरपिस्टने हाताने दिली होती त्या गटाच्या पुढे नाही. मग २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटनची रॅटल्स नावाची चाचणी आली, ७७० पेशंट, आठवड्याला तीनदा ४५ मिनिटं, १२ आठवडे. रोबोटने हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त यश मिळालं नाही.

चालण्याचं तेच. हिडलर यांच्या २००९ च्या अभ्यासात लोकोमॅटपेक्षा (ट्रेडमिलवर पट्ट्यांनी टांगून पाय हलवणारं मशीन) साध्या चालण्याच्या सरावाने वेग जास्त सुधारला.

तेव्हा "रोबोट आहे म्हणून तिथेच न्यायचं" याला पुरावा नाही.

---

ओटी_परळ

@चिकित्सक, आकडे बरोबर, पण रॅटल्समधला एक भाग राहिला. फुगल-मायरवर, म्हणजे सुट्या सुट्या हालचालींच्या मोजणीत, रोबोट गट नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडा वर होता. तो फायदा पेला उचलण्यापर्यंत, बटण लावण्यापर्यंत पोचला नाही. कारण मॅनस हे टेबलाच्या पातळीत खांदा-कोपर हलवणारं मशीन. बोटांचं काम तिथे होत नाही आणि रोजचं आयुष्य बोटांत आहे. म्हणून रोबोटच्या ४५ मिनिटांना लागूनच १५-२० मिनिटं खऱ्या वस्तूंचं काम हवं: डबा उघडणं, पाकिटातून नोट काढणं, पंचा पिळणं. सेंटरमध्ये रोबोट एका मजल्यावर आणि ओटी दुसऱ्या दिवशी, असं असेल तर अर्धा पैसा वाया.

मोजमापाबद्दल. फुगल-मायरचा हाताचा भाग ६६ गुणांचा असतो. जुन्या स्ट्रोकमध्ये साधारण पाचेक गुणांची वाढ झाली तर ती पेशंटला जाणवण्याजोगी धरतात. "दोन गुण वाढले" म्हणून पुढचं पॅकेज गळ्यात मारत असतील तर जरा थांबा. आणि मशीनचा स्वतःचा स्कोअर, तो गेममधल्या फळांचा वगैरे, यात मोजायचाच नाही. गेम खेळायची सवय झाली तरी तो वाढतो.

डोक्याला मार लागलेल्यांचं गणित स्ट्रोकपेक्षा वेगळं आहे, ते सविस्तर लिहिते कारण सेंटरमध्ये सगळ्यांना एकाच साच्यात घालतात.

पहिलं, लक्ष. पेशंट अजून गोंधळलेला, चिडचिडा, हातातल्या नळ्या ओढणारा असेल, तर त्याला पट्ट्यांनी मशीनला बांधणं म्हणजे उलट आग पेटवणं. सूचना ऐकून निदान दहा मिनिटं एका कामावर टिकतो, तेव्हा सुरुवात. सेशन १०-१२ मिनिटांचे तुकडे पाडून, मध्ये स्क्रीन बंद.

दुसरं, कवटीचा तुकडा काढलेला असेल आणि परत बसवलेला नसेल, तर हेल्मेटशिवाय हार्नेसमध्ये (शरीर टांगून धरणारे पट्टे) उभं करायचं नाही. शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी सोय) असेल तर त्याची नळी कानामागून मानेवरून छातीवर उतरते, छातीचा पट्टा तिच्यावर दाबला जातोय का ते बोटाने चाचपून बघायचं. फिट येत असतील तर न्यूरोला विचारल्याशिवाय लुकलुकणारे गेम नकोत.

तिसरं सगळ्यात जास्त चुकतं. मार लागल्यानंतरच्या महिन्यांत कोपर, खुबा यांच्याभोवती स्नायूंत हाड तयार होऊ शकतं, हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन. सांधा गरम, सुजलेला, आणि गेल्या आठवड्यात ९० अंश वाकणारी कोपर आज ७० वर अडते. "आखडलाय, मशीनने ताणू" म्हणून जोर लावला तर नुकसान. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, काही आठवडे जातात. बोन स्कॅनमध्ये आधी दिसतं. तोवर त्या सांध्याला मशीन बंद.

---

साधी_शंका

ज्यांचा हात अजिबात हलत नाही त्यांना मशीनचा उपयोग आहे का? की थोडं तरी हलायला लागलं की मग न्यायचं?

---

ओटी_परळ

@साधी_शंका, स्ट्रोक असेल तर पहिल्या ७२ तासांतल्या दोन हालचाली बघा: खांद्यातून हात बाजूला उचलता येतो का आणि बोटं थोडी तरी सरळ करता येतात का. नेदरलँड्सच्या २०१० च्या अभ्यासात दोन्ही थोड्या तरी जमणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांना सहा महिन्यांनी हाताचं काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता होती. दोन्ही नसतील तर साधारण २५ टक्के. हे आकडे स्ट्रोकचे आहेत, अपघाताच्या मारासाठी वापरू नका.

बोटं अजिबात उघडत नसतील तर नुसत्या मशीनपेक्षा मनगट उचलणाऱ्या स्नायूंना विजेची चालना जोडून द्या, ३०-४० हर्ट्झ, पल्स २०० ते ३०० मायक्रोसेकंद. करंट मनगट उचलेल इतकाच, कारण त्याहून वाढवला की आतले वाकवणारे स्नायूही ओढतात आणि मूठ वळते. पेशंटने "उघडायचंय" असा प्रयत्न सुरू केल्यावरच चालना सुरू व्हावी. आपोआप टिकटिक चालणारी देऊन पेशंट टीव्ही बघत बसला तर पुन्हा तेच, मशीनचं काम.

---

ठाणे_फिजिओ

चालण्याच्या मशीनबद्दल लिहितो. हिडलरचा अभ्यास चालू शकणाऱ्या पेशंटवरचा होता. अजून चालताच न येणाऱ्यांचं चित्र वेगळं आहे. कॉक्रेनच्या (अनेक चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यांत फिजिओसोबत यांत्रिक चालणं दिलं तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतल्या, न चालणाऱ्या पेशंटना. चालणाऱ्याला ट्रेडमिलला टांगू नका, जिना चढवा. मात्र पहिल्या दिवसापासून घाई नको. अॅव्हर्ट चाचणी (२०१५, २१०४ पेशंट) सांगते की स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत जास्त वेळा, जास्त वेळ उठवलेल्या गटाचे निकाल मागे पडले.

सेटअप असा असतो. आधी बसवून आणि मग उभं करून बीपी. वरचा आकडा २० ने पडला तर आज मशीन नाही, टिल्ट टेबल (पेशंटला झोपवून हळूहळू उभं करणारं टेबल). लघवी करून आलेला असावा, कॅथेटरची पिशवी रिकामी आणि नळी मांडीच्या पट्ट्याखाली न येईल अशी. मांडीचं माप खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत. मोठ्यांच्या लोकोमॅटला ३५ ते ४७ सेंमी चालतं आणि वजनाची मर्यादा १३५ किलो. बुटक्या बायकांची मांडी कधीकधी ३४ भरते, तेव्हा ओढूनताणून बसवू नका, मशीनचा गुडघा आणि माणसाचा गुडघा वेगळ्या ठिकाणी वाकतो आणि कातडी सोलते.

वजनाचा आधार ३०-४० टक्क्यांनी सुरू. ५० च्या वर गेलं की पाय जमिनीला नुसते टेकतात, टाचेवर भार येत नाही आणि चालीचा पॅटर्नच बिघडतो. वेग ताशी दीड ते दोन किलोमीटर. मग आधार, वेग, मशीनची मदत या तिघांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही बदलल्या तर गुडघा मध्येच का दुमडला ते कळत नाही.

काय बिघडतं: हार्नेस वर सरकून जांघेत कापतो (उभं करून पट्टे पुन्हा आवळायचे, बसून आवळलेले सैल पडतातच). पट्ट्यांखाली लाल वळ. ते २० मिनिटांत गेले तर ठीक, राहिले तर फोम बदला आणि त्या जागेला उद्या सुट्टी. पिंडरीत झटका आला की मशीन अलार्म देऊन थांबतं. लोक मर्यादा वाढवून ठेवतात. तसं करू नका. झटका का येतोय ते बघा: वेग जास्त, घोटा वर ओढलेला, लघवीचं इन्फेक्शन, बुटात दुमडलेलं बोट.

आणि पहिल्या दिवशी बांधाबांधीत अर्धा तास जातो. ४५ मिनिटांच्या स्लॉटमध्ये प्रत्यक्ष चालणं किती मिनिटं झालं ते लिहून घ्या.

---

गिरगावकर

ताठरपणासाठी बोटॉक्स दिलं तर रोबोट आधी की नंतर?

---

ठाणे_फिजिओ

@गिरगावकर, नंतर. असर काही दिवसांत सुरू होतो, साधारण चौथ्या आठवड्याला सगळ्यात जास्त, तीनेक महिन्यांत ओसरतो. सेशनचं पॅकेज दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात बसवा. इंजेक्शन घेऊन महिनाभर अपॉइंटमेंटची वाट बघणं हा शुद्ध अपव्यय.

---

पवईकर

इंजिनिअरिंगच्या बाजूने. दरवर्षी फायनल इअरची मुलं "स्ट्रोक पेशंटसाठी मनगटाचा रोबोट" करतात आणि तेच तीन-चार घोटाळे करतात.

लॅमिंग्टन रोडवरून स्वस्त गिअर मोटर आणतात, १००:१ ची. टॉर्क (फिरवण्याचा जोर) भरपूर, पण पेशंटने हलवायचं म्हटलं तर हलत नाही. मोटरचं जडत्व बाहेरच्या बाजूला गिअर रेशोच्या वर्गाने वाढतं, १०० चा गिअर म्हणजे दहा हजार पट, वर गिअरचं घर्षण. अशक्त हाताचा सगळा जोर ते ढिम्म हलवण्यातच जातो, आणि कोड कितीही चांगला लिहिला तरी हे सुटत नाही. रेशो १० च्या खाली, मोटर मोठी, आणि गिअरऐवजी पट्टा किंवा केबल.

नियंत्रण पोझिशनचं ठेवतात: "३० अंशांवर जा" म्हटलं की मशीन जातंच. हवा इम्पिडन्स कंट्रोल. नेव्हिल होगन यांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली आणि मॅनस तिच्यावरच उभा आहे. लक्ष्य आणि हात यांच्यात सॉफ्टवेअरचा स्प्रिंग आणि डॅम्पर:

बल = क × (लक्ष्य − जागा) − ब × वेग

क म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा, ब म्हणजे डॅम्परचा अडथळा. क कमी म्हणजे पेशंटला जास्त काम. शिवडीकर म्हणतात ती मदत कमी करणं म्हणजे हा क उतरवणं. तो हाताने उतरवू नका, प्रत्येक प्रयत्नानंतर आपोआप उतरू द्या: नवी मदत = ०.९ × जुनी मदत + ग × चूक (ग म्हणजे चुकीला किती वजन द्यायचं तो आकडा). चूक झाली नाही तर मदत दहा टक्के घटते, चूक झाली तर परत चढते. ०.९ च्या जागी १ लिहिलंत तर मदत कधीच उतरत नाही, पेशंट आरामात बसतो.

पुढची अडचण वेग मोजण्याची. एएस५६०० हा एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) सगळे घेतात, १२ बिट, ४०९६ पायऱ्या, म्हणजे ०.०८८ अंश. नियंत्रणाचा लूप १ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार फेऱ्यांचा असेल आणि दोन नोंदींची वजाबाकी करून वेग काढलात, तर एक पायरी सरकली की वेग दिसतो ८८ अंश प्रतिसेकंद. अशक्त मनगट स्वतः ३०-४० ने फिरतं. डॅम्पर या खोट्या वेगावर काम करतो आणि हँडल गुणगुणायला लागतं, पेशंट "करंट लागतोय" म्हणून हात काढतो. एन्कोडर मोटरच्या बाजूला लावा (१० च्या रेशोने पायरी दहापट बारीक होते) आणि २०-३० हर्ट्झचा फिल्टर टाका.

बल मोजायला एचएक्स७११ ही चिप घेतात. ते जास्तीत जास्त सेकंदाला ८० नोंदी देतं. किलोहर्ट्झच्या लूपमध्ये ते घातलं की उशिराची माहिती येते आणि हात थरथरतो. लॉग ठेवायला चालेल, लूपमध्ये नको. गिअर कमी असेल तर मोटरच्या करंटवरून टॉर्क पुरेसा कळतो.

सुरक्षेत मात्र काटकसर नको. टॉर्कची मर्यादा कोडमध्ये (मनगटाला २ न्यूटन-मीटरच्या आत) आणि पुन्हा ड्रायव्हरच्या करंट लिमिटमध्ये. पेशंटची दुखणारी सीमा आधी हळू, सेकंदाला दहा अंशांनी, हाताने फिरवून मोजा. त्याच्या पाच अंश अलीकडे लोखंडी पिन. लाल बटण मोटरची वीज तोडणारं हवं, कंट्रोलरला "थांब" सांगणारं नव्हे, आणि ते धडधाकट हाताला पोचेल अशा बाजूला. पॉवर सप्लाय मेडिकल दर्जाचा. आणि माणसावर लावायच्या आधी एथिक्स कमिटी. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ आहेत, कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून सूट मिळत नाही.

---

गिरगावकर

भारतात कुणी केलंय का नीट?

---

पवईकर

सीएमसी वेल्लोर आणि आयआयटी मद्रासचा प्लूटो बघा. एकच मोटर, मनगट वर-खाली, आडवं, हात पालथा-उताणा आणि मूठ उघडणं यांसाठी वेगवेगळे जोड बदलून लावायचे. महागडा भाग एकच राहतो. चालण्याच्या मशीनमध्ये केरळच्या जेनरोबोटिक्सचा जी-गेटर आहे.

मुंबईपुरती एक सूचना: पावसाळ्यात पट्ट्यांखालचा फोम वाळत नाही, बुरशी धरतो. बंद पेशींचा फोम घ्या, दोन जोड ठेवा. स्पिरिटने पुसणार असाल तर हँडल अॅक्रिलिकचं नको, बारीक तडे जातात.

---

साधी_शंका

आठवड्यातून तीनदा टॅक्सीने परळ किंवा अंधेरी सगळ्यांना झेपत नाही. घरी काय करता येईल?

---

ओटी_परळ

कॅरम बोर्ड. गंमत नाही करत. खेळायची जागा ७४ बाय ७४ सेंमी, गुळगुळीत, सपाट. हाताचं वजन खालून पेललं गेलं की खांदा उचलताना कोपर आपोआप वाकणं कमी होतं आणि हात लांब जातो. मॅनसच्या टेबलाने हेच साधतं.

बोर्ड टेबलावर, बेंबीच्या जरा वर. पावडर टाका. पंचाची चौपदरी घडी, त्यावर मनगट आणि तळहात, बोटं वळलेली असतील तर तळव्यात गुंडाळलेला रुमाल. पेशंट पाठ टेकून, पाय जमिनीवर, आणि छाती ओढणीने खुर्चीच्या पाठीला हलकी बांधलेली, कारण न बांधल्यास तो हाताऐवजी कंबरेतून पुढे झुकतो आणि अंतर वाढल्यासारखं दिसतं. मधल्या वर्तुळापासून समोरच्या खिशांच्या दिशेने दर पाच सेंमीवर चिकटपट्टीची खूण. ढकलायचं, दोन सेकंद थांबायचं, परत आणायचं. घरच्याने कोपराखाली हात ठेवायचा, पण ढकलायचं नाही. तीन सेकंदांत हललं नाही तर बोटाने तेवढाच एक हलका इशारा. जपाचं काउंटर मिळतं त्यावर मोजणी. ५० ची एक फेरी, दिवसात सहा फेऱ्या, आणि वहीत शेवटची गाठलेली खूण.

मनगट धरून हात ओढायचा नाही, उठवतानाही नाही. खांद्याच्या टोकाशी एक बोट मावेल एवढी खोबण पडली असेल तर खांदा सुटलाय, तेव्हा बसताना हाताखाली उशी. स्प्लिंट हवं असेल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत वर्कशॉप आहे.

---

ठाणे_फिजिओ

चालण्यासाठी घरची मोजणी: चाळीची किंवा सोसायटीची गॅलरी, १४ मीटर. पहिले दोन आणि शेवटचे दोन सोडून मधल्या १० मीटरचा वेळ. २५ सेकंद लागले तर वेग ०.४ मीटर प्रतिसेकंद, घरापुरतं चालणं. साडेबारा सेकंद म्हणजे ०.८, तिथून रस्त्यावर मोकळं फिरणं सुरू होतं. आठवड्याला एकदा, तेच बूट, तीच काठी, चहानंतर तीच वेळ.

०.८ झालं म्हणून लोकलला नेऊ नका. गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही, आणि फलाटाच्या फटीवरून लुळा पाय उचलून ठेवणं हे सपाटीवरच्या वेगात मोजलंच जात नाही. त्यासाठी वेगळा सराव: जमिनीवर २०-२५ सेंमी रुंद पट्टी आखायची, तिच्या पलीकडे १५ सेंमीचा पाट, धडधाकट बाजूला पकडायला दांडा. आधी चांगला पाय वर, मग लुळा. एका बाजूला माणूस कंबरेच्या पट्ट्याला धरून. उतरताना क्रम उलटा, लुळा पाय आधी.